काकांची काळी दोन

दिवाळीच्या आठवड्यात उटण्याचा वास आला की लोकांना सण आठवतो, मला घसा दुखायला लागतो. कारण आम्ही पहाटवाले. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत दिवाळीत उजाडायच्या आधी जे गाण्याचे कार्यक्रम असतात ना, त्यात स्टेजवर सिल्कचे कुर्ते घालून डोळे सुजलेली माणसं बसलेली असतात. त्यातला डावीकडून शेवटचा मी. हातात टाळ, समोर कोरसचा माइक. पत्रिकेत माझं नाव नसतं, ‘आणि सहकारी’ असतं. सहकारी म्हणजे मीच.

मी शिकलो मुरबाडला. शाळेत माझी प्रसिद्धी नकलांची. हेडमास्तरांच्या आवाजात जिन्यातून नुसतं ‘कोण आहे रे तिकडे?’ म्हटलं की आठवीचा अख्खा वर्ग चिडीचूप. एकदा खुद्द हेडमास्तर माझ्या मागे उभे होते, तर तेपण दचकले. गाणं नंतर आलं, आधी लोकांचे आवाज आले. अजूनही कोणी विचारलं, तुझा स्वतःचा आवाज कसा आहे रे, तर मी म्हणतो, घरी ठेवलाय, बघून सांगतो.

आमच्या ग्रुपचे मुख्य गायक काका. सगळेच त्यांना काका म्हणतात, आयोजकांची म्हातारी आईपण. बँकेतून रिटायर झालेले, डोंबिवलीत राहतात, सडपातळ, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. मला माकडा म्हणतात, लाडानेच. कार्यक्रमाची सुरुवात कायम त्यांच्या एका अभंगाने. तो त्यांचा अभंग. म्हणजे तसा जगाचा आहे, पण आमच्या एरियात त्यांचा. आणि तो ते गाणार काळी दोनमध्ये.

आता हे काळी दोन काय ते सांगतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. पेटीच्या ज्या पट्टीवर तुम्ही तुमचा सा धरता, ती तुमची पट्टी. काळी एक म्हणजे पुरुषाला आरामाची. काळी दोन त्याच्या वरची. गाणं तेच, पण अख्खं गाणं उचलून वरच्या मजल्यावर नेलं आणि लिफ्ट बंद आहे असं समजा. आमच्या लाइनीत पट्टी म्हणजे इज्जत. कोणी गायक काळी दोनवरून काळी एकवर आला की बातमी अशी फिरते, जशी काय त्याची बायपास झाली.

‘कळलं का? खाली आले ते.’

‘अरेरे. कधी?’

‘गणपतीतच. घरचे बोलत नाहीत.’

तर काकांच्या अभंगात अंतऱ्याला एक ओळ आहे. ती वरच्या सा वर जाते, तिथून अजून वर चढून वरच्या मध्यमाला टेकते आणि तिथेच जरा वेळ उभी राहते. दुपारी चहाबिहा पिऊन ठीक आहे. पण पहाटे माणसाचा घसा अजून गादीवरच असतो. गेल्या वर्षीच्या दिवाळीत त्या मध्यमावर काकांचा आवाज एकदम फाटला. फाटला म्हणजे थांबलाच. आणि मी, सवयीने, काही विचार न करता, कोरसच्या माइकवरून त्यांच्याच आवाजात ती जागा घेऊन टाकली. कोणी पडताना दिसलं की हात पुढे जातो ना, तसं. काका तोंड उघडं ठेवून बसलेले, हात कानावर, डोळे मिटलेले. समोरून ‘वाह!’ आली. साउंडवाल्यालाही कळलं नाही.

तेव्हापासून ती पद्धतच पडली. काका वर निघाले की कीबोर्डवाला दादा माझ्याकडे बघून एक भुवई उचलणार, मी तोंड माइकजवळ नेणार, काका ओठ हलवणार. यावर आमच्यात एका शब्दाची चर्चा कधी झाली नाही. स्टेजवर नाही, टेम्पोत नाही, चहावर नाही. गेली दिवाळी गेली, मधले गणपती गेले, कोजागिरी गेली. मी माझं कोरस गायचो, माझ्या नकला करायचो आणि वर काकांचा मध्यम.

यंदा आठवडा वसुबारसेला नौपाड्यातून सुरू झाला. नौपाड्याचे श्रोते म्हणजे जाणकार. पुढच्या रांगेतले आजोबा मांडीवर ताल धरतात आणि तबलजीपेक्षा बरोबर धरतात. तिथे माझा घसा ताजा होता. मध्यम असा लागला की मलाच वाटलं, काका काय मस्त गायले.

धनत्रयोदशीला संध्याकाळी बाळकुमला, एका टॉवरवाल्या कॉम्प्लेक्सच्या पोडियमवर. पहाटेचा ग्रुप संध्याकाळीही हवा होता त्यांना, फक्त जरा ‘हलकं’. हलकं म्हणजे मी. समोर खुर्च्या दोनशेच्या वर आणि माणसं खुर्च्या सोडून सगळीकडे. पोरं फटाके फोडतायत, बाया रांगोळी बघतायत आणि सेक्रेटरी प्रत्येक गाण्यानंतर स्टेजवर.

‘अजून एक सत्कार बाकी आहे, पाच मिनिटं,’ ते म्हणाले. मग माझ्या कानात, ‘भाऊ, ते कॉमेडी जरा वाढव ना. लोक बसत नाहीयेत.’

मी म्हटलं, ‘सर, लोक बसत नाहीयेत कारण सत्कार चालू आहेत.’

‘हां, तेच. सत्कारात मध्ये मध्ये कॉमेडी टाक.’

टाकली. लिफ्टमधली बाई केली, जी दार बंद करा म्हणून सांगते. वॉचमन केला, जो मालकालाच विचारतो कुठे जायचंय. कढईत पडणारी चकली केली, तिचा आवाज काढायला घसा आतून खरवडावा लागतो. सेक्रेटरींना चकली इतकी आवडली की वन्स मोअर. फटाक्यांचा धूर थेट स्टेजवर येत होता. आमची निवेदिका ताई, जी एरवी ‘तेजाचे हे मंगल पर्व’ असल्या वाक्यांखाली बोलतच नाही, ती पदर नाकाला लावून म्हणाली, ‘मी आता तेजावर काही बोलणार नाही. मला दिसतच नाहीये काही.’

दुसऱ्या दिवशी नरक चतुर्दशी, पहाटे टेंभी नाका. उठलो तर सा लागेना. म्हणजे लागायचा, पण कोणीतरी तो वाळूत घोळवून दिलेला. गरम पाणी, मीठ, ज्येष्ठमध, सगळं झालं. बाथरूममध्ये आवाज तापवत होतो तर वरच्या मजल्यावरून ओरड, ‘अरे, नळाला हवा आलीय वाटतं.’ त्या दिवशी मध्यम मी घेतला, पण तो घेताना मानेची शीर कशी फुगली ते टाळ वाजवताना मला माझ्या खांद्यावर कळलं.

उतरल्यावर दादा आणि मी टपरीवर. दादा कीबोर्ड गळ्यात अडकवूनच चहा पितो, कोणावर विश्वास नाही त्याचा.

‘भावा, मरशील,’ तो म्हणाला.

‘मग काय करू?’

‘एक बटण आहे,’ त्याने कीबोर्डच्या कव्हरवर बोट ठेवलं. ‘ट्रान्सपोज. दोनदा दाबलं की काळी दोनची काळी एक. एक सेकंदाचं काम. मग काका स्वतः आरामात गातील.’

‘मग दाब ना.’

‘काकांना कोण सांगणार?’

‘तू. कीबोर्ड तुझा.’

‘घसा तुझा जातोय.’

आम्ही दोघांनी ताईकडे बघितलं. ती बिस्किट बुडवत होती. ‘माझ्याकडे बघू नका,’ ती म्हणाली. ‘मी निवेदन करते, निरोप नाही पोचवत.’

शेवटी दादा म्हणाला, सांगायचंच नाही. गुपचूप दाबून टाकू. काका आरामात गातील, त्यांना वाटेल आज आवाज काय छान लागलाय, सगळे खूश. मला पटलं. त्या अवस्थेत मला काहीही पटलं असतं.

लक्ष्मीपूजनाला कल्याणला. अजून अंधार, कंदील लागलेले, पुढे सतरंजीवर बायका शाली पांघरून. ताईचं तेज बोलून झालं. दादाने बटण दाबलं आणि सूर धरला. काकांनी डोळे मिटले, तोंड उघडलं, ‘आ’ असा निघालाच नव्हता पूर्ण, तर थांबले. डोळे उघडले. मान हळूच कीबोर्डकडे वळली.

‘काय रे,’ माइक बाजूला करून ते म्हणाले, ‘काळी दोन कुठे ठेवलीस?’

दादाचा चेहरा असा झाला जसा काय त्याने ती खिशात घातलीय. ‘चुकून लागलं काका. बटण… धूळ…’

‘पूस मग.’

दादाने कुर्त्याच्या बाहीने बटण खरंच पुसलं. परत काळी दोन. परत भुवई. परत मी. त्या दिवशी मध्यमाला मी टेकलो, उभा नाही राहू शकलो. बायकांनी टाळ्या वाजवल्या, कारण बायका चांगल्या होत्या.

पण टाळ वाजवता वाजवता माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरायला लागली. माणूस एक ‘आ’ पूर्ण न काढता सांगतो की सूर दोन पट्ट्या खाली आहे. मग गेलं वर्षभर त्याच्याच जागी त्याच्याच आवाजात दुसरा कोणीतरी गातोय, हे त्याला ऐकू येत नसेल? मॉनिटर, म्हणजे आमचं गाणं आम्हालाच ऐकवणारा स्पीकर, त्यांच्या पायाशी असतो. माझा कोरस त्यातूनच येतो.

म्हणजे माहीत आहे. पहिल्यापासून माहीत आहे. आणि तरी रोज ओठ हलवतायत. मला राग आला असं म्हणता येणार नाही, राग यायला ताकद लागते. मला नुसतं बसावंसं वाटलं.

पाडव्याला घोडबंदरला कार्यक्रम झाला, आणि आभारप्रदर्शन चालू असताना माझा आवाज गेला. बसला नाही, गेला. शेजारच्याला ‘पाणी दे’ म्हणायला तोंड उघडलं तर फुग्यातून हवा सुटते तसं काहीतरी निघालं. सणाच्या दिवशी नौपाड्यात एक डॉक्टर उघडे मिळाले. टॉर्च घालून बघितलं.

‘काय करता?’

‘नकला,’ मी कसंबसं म्हटलं.

‘कोणाच्या?’

‘सगळ्यांच्या.’

‘मग आता गप्प बसलेल्या माणसाची करा. आठवडाभर. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने जास्त बिघडतं.’

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. डोंबिवली. काकांचं घरचं मैदान. तिथे त्यांच्या बिल्डिंगमधले येतात, बँकेतले येतात आणि दरवर्षी त्यांच्या दोन्ही बहिणी येतात, पहिल्या रांगेत बसायला. ओवाळणी नंतर, आधी भावाचा अभंग. त्यांना वाटतं आपला भाऊ अजून काळी दोनमध्ये गातो. काकांनाही ते त्यांना वाटत राहायला हवं होतं, इतकं तर मला न सांगता कळत होतं. उद्या त्या मध्यमावर काका एकटे असणार होते आणि ही गोष्ट त्यांना मी सांगायची होती. तीपण न बोलता.

डॉक्टरकडून निघालो तो थेट डोंबिवलीला त्यांच्या घरी. काकूंनी दार उघडलं.

‘ये रे बाळा, फराळाला बस. हे काय, तोंड का असं? कोणी मारलं?’

मी गळ्याकडे बोट दाखवलं, मग हाताने कट्टी केल्यासारखं केलं. काकूंना वाटलं माझ्या घशात चकली अडकलीय, त्या पाठीत बुक्के मारायला लागल्या. मी त्यांच्या घरी अजून चकली खाल्लीच नव्हती. तेवढ्यात काका आतून आले. टेबलाशी बसले. मी परत सगळं करून दाखवलं: डॉक्टर, टॉर्च, तोंडाला कुलूप. आयुष्यात एवढी वाईट नक्कल मी कधी केली नसेल, पण काकांना लगेच कळलं.

‘आवाज गेला?’

मी मान हलवली.

‘बरं झालं. घरात जरा शांतता.’ त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. ‘शंकरपाळे खा, मऊ आहेत.’

मी खाईना. त्यांच्याकडेच बघत बसलो. ते चिवड्यातले शेंगदाणे वेगळे काढत बसले. मग काकू ओट्यापाशी गरम पाण्यात हळद ढवळता ढवळता एकदम सहज म्हणाल्या,

‘अहो, मग उद्या तुमची वरची जागा कोण घेणार?’

मी शंकरपाळा खाल्ला. काहीतरी तोंडात असावं म्हणून.

म्हणजे काकूंनाही माहीत. बिल्डिंगच्या वॉचमनला माहीत नसेल, एवढीच आशा. काका शेंगदाणे निवडतच राहिले. शेंगदाण्यांचा ढीग झाला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

‘माकडा, तू मला चांगला करतोस.’

मी परत शंकरपाळा उचलला.

‘पण एक चुकतं तुझं. मी त्या मध्यमावर थेट नाही जात. जरा खालून येतो, गंधाराला हात लावून. तू एकदम जाऊन बसतोस. जवान माणसासारखा.’ त्यांनी एक शेंगदाणा तोंडात टाकला. ‘मला ऐकताना रोज वाटतं, सांगावं तुला. मग वाटतं, काय म्हणून सांगणार?’

काकूंनी हळदीचं पाणी माझ्यासमोर ठेवलं. ‘पी. आणि हे पण पितील,’ म्हणून दुसरा ग्लास काकांसमोर. आम्ही दोघं प्यायलो. उद्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत. मी विचारू शकत नव्हतो. निघताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो हात जड वाटला, की माझाच खांदा थकलेला, माहीत नाही.

भाऊबीजेची पहाट. डोंबिवलीत त्या वेळी रस्त्यावर जेवढी गर्दी असते तेवढी देवळात नसते. पोरी नव्या साड्यांत, पोरं त्यांच्याकडे बघत नसल्यासारखं करत उभी, सगळे फोटोत. त्यातले गाणं ऐकायला किती आलेले असतात हे आम्ही एकमेकांना विचारत नाही. पहिली रांग मात्र ऐकायची. तिथे मधोमध काकांच्या बहिणी, दोघींचे गुडघे शालीखाली, मांडीवर ओवाळणीच्या ताटाची पिशवी.

मी माझ्या जागेवर, टाळ घेऊन. दादाने माझ्याकडे बघितलं. मी मानेनेच नाही म्हटलं. तो इतका पांढरा पडला की ताईने त्याला पाणी दिलं.

दादाने काळी दोन धरली. हिंमत नव्हती त्याची दुसरं काही धरायची.

काकांनी सूर ऐकला. मग डोळे उघडले आणि हात वर केला, थांब म्हणून. आणि माइकमध्ये, सगळ्या मैदानाला, एकदम साध्या आवाजात म्हणाले,

‘आज काळी एक घेऊ या.’

मैदानाला काय त्याचं? कोणीतरी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं रागाचं नाव आहे. एक पोरगी सेल्फीत होती, ती तशीच राहिली. पण स्टेजवर तबलजीने हातोडी उचलली आणि मान खाली घालून तबल्याचा सूर उतरवायला लागला, कोणाकडेही न बघता. ताईने पदर नीट केला, जो नीटच होता. दादाने बटण दाबलं, एकदा, मग थोडं थांबून दुसऱ्यांदा, जसं काय कोणाच्या पाया पडतोय.

काका गायले. मोकळे गायले. अंतरा आला, ओळ वर निघाली आणि मी सवयीने श्वास भरून तोंड माइकजवळ नेलेलं. घसा बंद, डॉक्टरची धमकी, सगळं असून पोट आपोआप आत गेलेलं. तो श्वास घेऊन मी तसाच बसून राहिलो. काका गंधाराला हात लावून, खालून, हळूच मध्यमावर आले. जरासे हलले तिथे. मग उभे राहिले. आवाज पातळ होता, म्हाताऱ्या माणसाचा होता आणि दुसऱ्या कोणाचाही नव्हता, त्यांचाच होता. ते परत खाली उतरले तेव्हा मला आठवलं की श्वास सोडायचाय.

एक सांगतो. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण आत कुठेतरी असंही वाटलं की माझी जागा गेली. वर्षभर मी ओझं ओझं म्हणत होतो, ते उतरवलं तर हातांना काय करावं कळेना. मी टाळ वाजवत राहिलो, जरा जास्तच जोरात. तबलजीने डोळे वटारले.

कार्यक्रम संपल्यावर बहिणी स्टेजच्या पायरीपर्यंत आल्या. काका खाली वाकले, दोघींनी त्यांच्या चेहऱ्यावरून हात फिरवून बोटं मोडली. मी बाजूला वायर गुंडाळत होतो.

मोठी काकांना म्हणाली, ‘दादा, आज काय सुंदर लागला रे आवाज. गेल्या वर्षी ना, मी बोलले नाही, पण वर गेल्यावर जरा नाकात येत होता.’

धाकटी म्हणाली, ‘जरा? चांगलाच येत होता. आम्ही परत जाताना बोललो, दादाला कोणाला तरी दाखवायला हवं.’

वायर माझ्या हातात तशीच राहिली. मी तोंड उघडलं. काही येणं शक्यच नव्हतं.

काकांनी माझ्याकडे बघितलं, पुरतं, सावकाश. मग बहिणींकडे वळले.

‘सर्दी होती गं,’ ते म्हणाले. ‘चला, ओवाळून घ्या. पोराला पण भूक लागलीय.’